तिसरा जीव

लोवरी : हा कागद वाचा, इद्वालकाका, आणि चॅपलच्या इतिहासाच्या पुस्तकातलं ते पान छपाईला जायच्या आत फाडा!

इद्वाल : आधी बस तरी. कुठलं पान?

लोवरी : तुम्हीच लिहिलंय. 'हाफोदचं शेत थोरल्या ग्रिफिथनं दारूत घालवलं, धाकट्या भावानं, हिवेलनं सावरलं.' माझा खापरपणजा तो ग्रिफिथ! उद्या वेल्सभर वाचतील लोक.

इद्वाल : अन् हिवेल माझा पणजा. अगं, दीडशे वर्षं अख्खं खोरं हेच सांगतंय.

लोवरी : तुमच्या घरचं ऐकून सांगतंय! मी तीन आठवडे दप्तरखान्यात जमीनदाराच्या वह्या उपसल्यात. ग्रिफिथचा शेताचा पट्टा तीन जिवांवर होता. त्याचा बाप, आई आणि बहीण मार्गेद. तिघांतलं शेवटचं माणूस जगेल तोवर शेत ग्रिफिथचं.

इद्वाल : मग? आईबाप गेले. मार्गेद पेनसिल्वेनियात गेली, तिकडेच वारली. पट्टा संपला.

लोवरी : असं होय! मग यात दारू कुठून आली?

इद्वाल : दाखव तो कागद.

लोवरी : ही कारभाऱ्याची नोंद. १८६९. 'बहीण मेल्याचं हिवेलनं शपथेवर सांगितलं.' खालीच नवा पट्टा, हिवेलच्या नावे. ग्रिफिथ चार पोरं घेऊन दगडाच्या खाणीवर!

इद्वाल : समुद्रापलीकडची बातमी, चुकीची आली असेल.

लोवरी : मार्गेद १९०२ साली मेली! थडग्याचा फोटो आहे माझ्याकडे. जित्याजागत्या बाईला तेहतीस वर्षं मारून ठेवलंत!

इद्वाल : आता शेत मागतेस की काय?

लोवरी : चुलीत घाला शेत! माझ्या बाबांनी जन्मात बिअरला तोंड लावलं नाही, तरी मेंढ्यांच्या बाजारात हसायचे लोक. 'ग्रिफिथचं रक्त, जपून हो!' काही लाज?

इद्वाल : मार्गेदची पत्रं आहेत वर, बायबलच्या पेटीत. दर नाताळला एक. हाफोदच्याच पत्त्यावर यायची, ग्रिफिथला कुणी दाखवली नाहीत. दहा वर्षांचा होतो मी. तिकिटं काढायला गेलो, तर १८६९ नंतरच्या तारखा दिसल्या.

लोवरी : म्हणजे ठाऊक होतं! ठाऊक असून हे पान लिहिलंत?

इद्वाल : तुझा बाप आला होता गं त्या पत्रांचं विचारायला. आता उपाय नाही म्हणून दवाखान्यातून घरी सोडलं, त्याच आठवड्यात. पत्रं उंदरांनी खाल्ली म्हणालो.

लोवरी : ...बाबा काय म्हणाले?

इद्वाल : 'असू दे, इद्वाल.' अन् जाताना माझं फाटक नीट लावून गेला.