सतरा वेळा सावधान

...आणि वर मलाच विचारतात, 'घंटाकाका, तुमचं देशावर प्रेम नाही का हो?' आता यावर माणसानं बोलायचं तरी काय! अहो, एकेचाळीस वर्षं या शाळेची घंटा बडवली मी. रोज सकाळी राष्ट्रगीताला पोरांच्या आधी ताठ उभा राहिलो. गुडघे होते तेव्हाही राहिलो, गुडघे गेले तेव्हाही राहिलो. उभं राहायला माझी ना नाही! पण तुम्हाला सांगतो, एका दिवसात सतरा वेळा? घरी जाऊन बायकोला एका दिवसात सतरा वेळा 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं सांगून बघा. तिसऱ्याच वेळी ती लाटणं खाली ठेवून विचारेल, 'काय करून आलात ते खरं सांगा!'

तर झालं असं, की शाळेचा क्रीडादिन. मी खरं म्हणजे निवृत्त, पण दर वर्षी मला बोलावतात, कारण ते गाणी वाजवायचं मशीन फक्त माझंच ऐकतं. कुठं थापड मारली की बोलतं, कुठं मारली की रुसतं, हे मला ठाऊक. आणि आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्यांनी टीव्हीवर कुठला तरी मोठा सामना पाहिला. सामन्याआधी दोन्हीकडचे खेळाडू ओळीनं उभे, राष्ट्रगीत चालू, एकाच्या डोळ्यांत पाणी... झालं! दुसऱ्या दिवशी बैठक. 'त्यांच्या खेळाआधी होतं, मग आमच्या मुलांनी काय घोडं मारलंय? आपल्याकडे प्रत्येक शर्यतीआधी होईल!'

खेळाचे सर बिचारे सज्जन माणूस, शिट्टीसुद्धा हळू वाजवतात. ते म्हणाले, 'बाई, सकाळी एकदाच म्हणू या ना. पण सगळे मिळून, मनापासून म्हणू.'

'म्हणजे दुपारच्या शर्यती काय देशाबाहेर आहेत, सर?'

आता बोला! सर खाली बसले. कोण बोलणार? जो बोलेल तो देशाच्या विरुद्ध, आणि जो गप्प बसेल त्यानं सतरा वेळा उभं राहायचं. शिवाय बाईंचा नियम काय, तर गीत चालू असताना कुणी हलायचं नाही, बोट नाही, मान नाही, आणि नजर सरळ झेंड्यावर. मागच्या वर्षी चित्रकलेच्या बाईंच्या नाकावर माशी बसली, त्यांनी नुसतं नाक हलवलं, तर दुपारी हातात मेमो! कारणे दाखवा! आता माशी नाकावर का बसली याचं कारण बाईंनी दाखवायचं की माशीनं?

झाला दिवस सुरू. मी व्हरांड्यात मशीनचं बटण दाबायचो, ते आधी दहा सेकंद नुसतं खरखरायचं, तेवढ्यात मी धावत जाऊन झेंड्याखाली शिक्षकांच्या रांगेत उभा. उभं राहायला माझी ना नाही! पण पोत्यांची शर्यत आली, आणि वीस पोरं गळ्यापर्यंत पोत्यात, सावधान! त्यातलं एक पोर कलंडलं. आडवं पडल्या पडल्या सावधानच राहिलं हो, हात अंगाला चिकटवून! नंतर तीन पायांची शर्यत. दोघांचे मिळून तीन पाय, त्यात टाचा कुठल्या जुळवायच्या? दहाव्या खेपेला दुसरीतली एक चिमुरडी मला विचारते, 'काका, हे गाणं संपलं की खेळ सुरू होणार ना?' म्हटलं, 'बाळा, खेळ संपला की गाणं सुरू होणार.'

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, देवाशप्पथ नेलं असतं. पण शेवटून दुसरी, म्हणजे सोळावी शर्यत होती मोठ्या मुलींची, आणि तिच्यात होती आमची टिटवी. माझी नात. पाय काटकुळे आणि पळणं असं, की बघणाऱ्याची मान मागे राहते. दोन वर्षं पहाटे उठून याच मैदानावर पळत होती, का, तर ही शर्यत बघायला वरच्या ऑफिसातून निवडीचे साहेब येणार होते. एका मुलीला सरकारी खेळ-वसतिगृहात घेणार. पुढच्या वर्षी टिटवी वयात बसत नाही, म्हणजे आज झालं तर झालं. आणि साहेब आल्या आल्या काय म्हणाले? 'मला बरोबर चारला निघायचंय हं. पुढच्या शाळेत पोचायचंय.' सोळाव्या शर्यतीला वाजले होते पावणेचार. भरपूर वेळ!

आता तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. पंधरा वेळा पळापळ करून माझे गुडघे बोलायला लागले होते. मशीनवर एक बटण होतं, त्यावर गोल फिरलेला बाण. मी म्हटलं, हा बाण म्हणजे गाणं संपलं की आपोआप सुरुवातीला जाऊन गप बसणार. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काय कळणार? दाबलं. आणि पळत जाऊन उभा राहिलो.

राष्ट्रगीत झालं. सगळ्यांनी श्वास सोडला... आणि पुन्हा सुरू! सगळे पुन्हा ताठ. संपलं. श्वास... पुन्हा सुरू! अहो, गोल बाण म्हणजे फिरत राहणं!

आता बंद कोण करणार? मशीन व्हरांड्यात, माझ्यापासून चौदा पावलं. आणि गीत चालू असताना हलायचं नाही! मोठ्या बाई स्वतः पुतळा. ओठ न हलवता दातांतून म्हणतात, 'घं-टा-का-का...' मी ओठ न हलवता म्हणतो, 'हलू का बाई?' त्या म्हणतात, 'हलायचं नाही!' मग बंद कसं करू, फुंकून?

तिसऱ्या खेपेला माझ्या डोक्यात आलं. एक गीत संपतं आणि दुसरं सुरू होतं, त्यात एका श्वासाची फट असते. त्या फटीत हललं तर तो काही अपमान नाही! चौथं संपलं, मी एक पाऊल टाकलं, सावधान. पाचवं संपलं, एक पाऊल, सावधान. चेहरा असा, की देशासाठीच चाललोय. आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो तर काय, निवडीचे साहेबसुद्धा सरकलेत! पण ते त्यांच्या गाडीकडे! त्यांना माझीच युक्ती सुचलेली. एका फटीत मी एक पाऊल मशीनकडे, साहेब एक पाऊल फाटकाकडे. आणि साहेबांचे पाय लांब हो! उभं राहायला माझी ना नाही, पण अशी शर्यत कुणी पाहिली आहे का, जिच्यात दोन म्हातारे मिनिटाला एक पाऊल पळतात? दहावं गीत संपलं तेव्हा मी सात पावलांवर, आणि साहेबांचा हात गाडीच्या दारापासून वीतभर.

मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला, रेघेवर टिटवी उभी. तिनं साहेबांना पाहिलं. मला पाहिलं. अकरावं गीत सुरू झालं, पहिली ओळ झाली, दुसरी चालू झाली, आणि भर गीतात पोरगी सुटली! अहो, काय सुटली! हिला फट नको, श्वास नको... चारशे पुतळ्यांच्या मधून सरळ, वेणी आडवी, धूळसुद्धा मागून विचारतेय, थांब ना जरा! व्हरांड्याच्या पायऱ्या दोन उड्यांत, आणि वायर खेचली. खट्!

गीत ओळीच्या मध्येच तुटलं. बाई झेंड्याकडून गर्रकन वळल्या.

'कोण हललं?' मोठ्या बाई गरजल्या. 'राष्ट्रगीत चालू असताना कोण पळालं? जो असेल त्याला शाळेतून काढून टाकीन! खेळाचे सर, कोण पळालं?'

सर हळूच म्हणाले, 'मला काय माहीत बाई? माझी नजर झेंड्यावर होती.'

बाईंनी चित्रकलेच्या बाईंना विचारलं. झेंड्यावर. शिपायाला विचारलं. झेंड्यावर. चारशे पोरांना एकदम विचारलं, चारशे पोरं एका सुरात, 'झेंड्यावर, बाई!' आणि पाहिलं म्हणावं, तर बाईंनी तरी कसं म्हणावं? त्यांचीही नजर झेंड्यावरच असायला हवी! मला तर हसू आवरेना. वाचली पोरगी, म्हटलं, वाचली!

तसाच लंगडत साहेबांच्या गाडीशी गेलो. 'साहेब, पाहिलंत ना?'

साहेब गाडीत बसले होते, काच अर्धी खाली. इकडं तिकडं बघून म्हणाले, 'काय पळते हो तुमची पोरगी! बावीस वर्षांच्या नोकरीत असं पळणं पाहिलं नाही.'

'मग लिहा ना तिचं नाव!'

'काय लिहू काका? राष्ट्रगीत चालू असताना माझी मान वळली होती, असं लिहू? माझी नोकरी जाईल.'

'बरं, मग शर्यत बघून जा. दोन मिनिटांचं काम.'

तेवढ्यात भोंग्यातून बाईंचा आवाज, 'अकराव्या वेळचं राष्ट्रगीत अर्धवट राहिलं आहे! ते पुन्हा पहिल्यापासून, पूर्ण होईल! घंटाकाका, मशीन!' साहेबांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गाडी अशी काढली, की धुळीनं माझ्या सदऱ्याचा रंग बदलला. मी काय करणार? जाऊन वायर जोडली, तो गोल बाण सोडून बटण दाबलं आणि उभा राहिलो.

शर्यत झाली म्हणा. टिटवीच पहिली आली. बघायला होतं कोण? वसतिगृहात गेली दुसऱ्या शाळेची मुलगी. त्या शाळेत म्हणे सकाळी एकदाच म्हणतात, आणि तेही मनापासून.

घरी आल्यावर टिटवी माझ्याशेजारी बसली, पायाचे तळवे चोळत. 'आजोबा, खरं सांगा. तुम्ही तरी पाहिलंत का?'

म्हटलं, 'पाहिलं.'

'किती वेळात पोचले?'

घड्याळ कुणी लावलं होतं? घड्याळवाल्याचीही नजर झेंड्यावर. मी मनात चाल म्हणून पाहिली. 'दुसऱ्या ओळीला निघालीस, आणि चौथी ओळ पुरी व्हायच्या आत वायर तुझ्या हातात. सव्वादोन ओळी.'

'हा विक्रम आहे?'

'आहे की.'

'मग सांगायचा कुणाला?'

'सांगायचा कुणालाच नाही, बाळ. ती ओळ आली की फक्त छाती जरा पुढे काढायची.'

तेव्हापासून रोज सकाळी शाळेत राष्ट्रगीताची दुसरी ओळ लागली की पोरगी एकदम ताठ होते, डोळे चमकतात, श्वास भरून येतो. मोठ्या बाईंनी पाहिलं. परवा सगळ्या शाळेसमोर तिला उभं केलं, पाठ थोपटली आणि म्हणाल्या, 'बघा! देशप्रेम असावं तर असं! हे सगळं कशामुळं? सतरा वेळांमुळं!' आणि पुढच्या वर्षीपासून प्रत्येक शर्यतीनंतरही एकदा!