घोंगडीआडचा साप

(होगानच्या, म्हणजे आमच्या लाकूड-मातीच्या एकखणी घराच्या, मधोमध टांगलेली घोंगडी. अलीकडे ऐरणीपाशी चांदीकाम करणारा लेलँड, पलीकडे चुलीपाशी त्याची सासू. आमच्यात सासू-जावई एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, थेट बोलतही नाहीत. पाहिलं तर डोळे जातात म्हणतात. मधे सासूची लेक, लेलँडची पोटुशी बायको बर्निता.)

आई: विचार त्याला, ते कडं सापाचं आहे का.

बर्निता: आई, दोन हातांवर बसलाय तो. ऐकलंय त्याने.

आई: तरी विचार.

बर्निता: सापाचं आहे का, विचारतेय.

लेलँड: आहे म्हणावं. पण डोळे नाही बसवले. फिरोजाचे खडे पुडीतच आहेत. डोळ्यांशिवाय ती नुसती वाकडी चांदी आहे.

आई: वाकडी चांदी! पाठीवर खवल्यांचे ठसे उमटवलेत, ती काय फुलं आहेत? बायको पोटुशी असताना बापाने साप घडवायचा नसतो, हे पोराटोरांना कळतं.

बर्निता: तुला दिसलं कसं पण?

आई: तो पाणी आणायला गेला होता तेव्हा. ऐरणीखाली फडक्यात गुंडाळून ठेवलंय, चोरासारखं.

लेलँड: तिला सांग, घोडे केले, गरुड केले, सगळे तसेच पडून आहेत. गॅलप गावातल्या दुकानदाराला सापच हवेत. मागे त्याने डोंगरातल्या त्या मध खाणाऱ्या केसाळाची, ज्याचं नावही घेऊ नये त्याची, लॉकेटं मागितली, तेव्हा मी नाही म्हटलं होतं. दर वेळी नाही कसं म्हणू? थकलोय मी.

बर्निता: थकलाय म्हणतो.

आई: इथे कोण ताजंतवानं आहे?

बर्निता: मी तर नाहीच. तुमचे निरोप इकडून तिकडे नेऊन माझी जीभ दुखायला लागली.

लेलँड: प्रत्येक कड्याला तो एक चिठ्ठी बांधतो. साप म्हणजे नवा जन्म, असं छापलेलं.

आई: कुणी सांगितलं त्याला?

बर्निता: आईच्या प्रश्नाचं उत्तर दे.

लेलँड: कुणी नाही. आपल्या मनाने छापतो.

आई: नवा जन्म म्हणे! आपली दोन पोटातच गेली. विचार त्याला, आठवतात का.

बर्निता: हे मी नाही विचारणार.

लेलँड: आठवतात. न आठवायला काय झालं? उद्याच गाणी म्हणून दोष उतरवणाऱ्या बाबांकडे जातो, विधी करून घेऊ. हे कडं आत्ता वितळवतो. मग तर झालं?

बर्निता: लेलँड, राहू दे.

लेलँड: का?

बर्निता: कालपासून हललं नाहीये ते.

आई: काय?

बर्निता: रोज सकाळी लाथा मारतं. काल नाही मारली, आज नाही. झोपलं असेल म्हटलं. तुम्ही दोघं आधीच भांडताय, त्यात मी कुठे आणखी... मला फार भीती वाटतेय गं.

लेलँड: माझ्यामुळे झालं हे.

आई: ते मागाहून. आधी दवाखाना.

लेलँड: चल, ऊठ.

बर्निता: उठवत नाहीये. कंबर धरलीय. आणि तो रस्ता! गेल्या वेळी त्या ओढ्यात गाडी आदळली, आणि तिथेच सगळं...

लेलँड: या वेळी नाही आदळणार. पण तुला धरून बसायला हवं कुणीतरी. आईला सांग ना. फक्त, गाडीत बाक एकच आहे.

बर्निता: आई, तो म्हणतोय...

आई: ऐकलंय. मी मागच्या हौद्यात बसले तर तुला कोण धरणार?

बर्निता: पण तुझे डोळे, आई.

आई: खूप पाहिलं या डोळ्यांनी. सरक जरा. ही घोंगडी काढते, तुझ्या पाठीला होईल.

लेलँड: बर्निता, थांब. मी मान वळवतो, म्हणावं. त्या बसेपर्यंत तिकडे बघणार नाही.

आई: तिला कशाला सांगतोस? ती कुठे बोलण्याच्या अवस्थेत आहे?

(लेलँड मान वळवतो आणि गाडीची किल्ली उचलतो.)

आई: मान वळवून गाडी कशी हाकशील? समोर रस्त्याकडे बघ, पोरा. हिला मी धरलंय.