हाप्याची मच्छरदानी

(मस्कतहून आलेला फोन. गडचिरोलीकडच्या एका गावातलं लटारूचं किराणा दुकान. फोनपाशी मैना आणि तिचा नवरा इस्तारी.)

मैना : गोळ्या कायच्या वो दामिनी? ताप नाई, काई नाई, अन् गोळ्या?

दामिनी : ताप येऊ नये म्हणून, माय. इथल्या डॉक्टरीनबाईनं सांगतलं, पोरीले घेऊन त्या जंगलाकडं जाता, तर हप्त्याले एक गोळी पायजेच. अन् आचल थुकून टाकते. कडूजहर आहे.

मैना : गुळात घाल ना.

दामिनी : गुळात झालं, केळात झालं. गूळ गिळते अन् गोळी बाहेर काढते.

मैना : अगंबाई! हुशार आहे माही माय ते!

दामिनी : हसू नको. पानी उकळून, अंगभर कपडे, दिवस बुडला की घरात, झोपाले मच्छरदानी. तुझा जवाई म्हनते, जमन का तुझ्या मायकडं?

मैना : काऊन नाई जमत? तिच्या पान्याचा पितळी गुंड वेगळा काढला मी. रोज उकळून, गार करून, झाकून ठेवून राह्यली. तुझे बाबा म्हनते, कोन पेते वो हे? मी म्हटलं, नात पेते. आली नाई अजून, पन माहा हात बसला पायजे.

दामिनी : माय...

मैना : अन् मच्छरदानी तुझ्या बाबानं शिवली. मासोळीचे बारके पिल्लं, जिरे, तळ्यात ठेवाचं बारीक कापड असते ना, हाप्याच्या पिशवीचं? तेच, कोरं करकरीत! जिरं निसटत नाई त्यातून, त मच्छर कुठून घुसन? घे, त्याईलेच विचार.

इस्तारी : हालो.

दामिनी : बाबा, मी.

इस्तारी : वळखलं. पोरगी कुठी आहे?

दामिनी : मांडीवर. फोनची वायर चावून राह्यली.

इस्तारी : चावू दे. नाई, नाई, चावू नको देऊ.

दामिनी : मच्छरदानी झाली म्हने?

इस्तारी : झाली. पोरीच्या आधी मी सोता झोपून पाह्यलं तिच्यात.

दामिनी : मंग?

इस्तारी : सकाळी आत एक मच्छर होता. टम्म फुगलेला.

मैना : हे काय सांगून राह्यले तुमी पोरीले! इकडं द्या फोन!

इस्तारी : थांब वो. दामिनी, हात सवयीनं चालला पाह्य. हाप्याले तोंड ठेवा लागते, जिरे काढाले. तसंच मच्छरदानीले बी ठेवून बसलो.

दामिनी : मंग शिवून टाका ना ते.

इस्तारी : शिवलं. दुहेरी टाके घातले.

दामिनी : मंग झालं त.

इस्तारी : नाई झालं. तुझ्या भावाच्या वेळी बी मी म्हटलं होतं, पावसाळ्याचा ताप आहे, उतरन. प्रणितचं तुले आठवत नसन.

दामिनी : आठवते, बाबा. त्याचा हात लय गरम होता.

इस्तारी : तू इथी नको येऊ. नागपूरले नणंदेकडं राय. आमी येतो तिथी.

मैना : येतो? मले विचारलं? माही नात माह्या अंगनात नाई खेळनार? जवायाले दोन वर्सं सुट्टी नाई मंग. तवापर्यंत मांडीवर बसनारी राह्यते का ते?

दामिनी : माय रडून राह्यली का?

इस्तारी : तू आयकू नको.

दामिनी : बाबा, मी तेच सांगाले फोन केला होता. आमी नागपूरचंच ठरवलं. मायसमोर तोंडातून निघतच नव्हतं.

इस्तारी : समजलं मले. गोळीवरच अडकून राह्यली होती तू मघापासून. घे, मायसंगं बोल.

मैना : ...दामिनी.

दामिनी : माय, रागावली?

मैना : कोनावर रागावू? मले नुसतं वाटत होतं, खाटेवर झोपन, उठन, मले पाहीन. जाऊ दे. मच्छरदानी आमी घेऊन येतो.

दामिनी : नणंदेच्या घरी खिडक्याईले जाळ्या आहेत, माय. तिथी मच्छरच नाई.

मैना : नसू दे. एक झोप तरी घेऊ दे तिले त्यात.