गाठीतलं सायटोप्लाझम

ठाण्यातल्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर कोलशेतचा एक कोळीदादा ढसाढसा रडत होता. बायको मुकाट बसलेली, आणि हा अख्ख्या गोतावळ्याला फोन लावतोय. पुरुषाने रडू नये असं नाही, पण काही रीत?

"आक्का, तुळसा काय वाचत नाय! मानेच्या गाठीत सायटोप्लाझम निघालं. भरपूर हाय, डॉक्टरच बोलली!"

"बाबा, फोन ठेवा आधी!" आतून आलेली लेक ओरडली.

"समिधा, तुझी आय..."

"गाठ साधी आहे. तुम्ही अर्धं ऐकून बाहेर पळालात. सायटोप्लाझम सगळ्यांच्याच पेशीत असतं."

"माझ्यात पण?"

"तुमच्यात पण. पेशी म्हणजे आपली होडी समजा. मधलं केंद्रक तो तांडेल, हुकूम सोडणारा. बाकी होडीभर पसरलेलं ते सायटोप्लाझम. खलाशी, जाळी, चूल, सगळं त्यातच. कामं तिथंच होतात."

"मग वाईट गाठीत?"

"बहुतेकदा तांडेलच फुगतो आणि होडीत जागा उरत नाही. आईच्या होडीत ऐसपैस जागा आहे."

"फुगलेला तांडेल मी घरात रोज बघते," बायको पहिल्यांदाच बोलली.

तो डोळे पुसत हसला आणि लगेच मोबाइल पुन्हा कानाला लावला. "आक्का, वाचली गो!"

मग मला राहवेना.

"ए दादा, आक्काला मागून सांग. वाचली ती इथे बसलीये, आणि तिच्याकडे तू अजून बघितलंही नाहीस."