त्र्यंबकरावांनी पाहिलेला पहिला सिनेमा

मंडळी, ऐका! आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. देवानं माणसाला डोळे दिले दोन आणि तोंड दिलं एक. मग बघण्यापेक्षा बोलणं दुप्पट कसं झालं? हं? सिनेमा संपून माणूस दारापर्यंत पोचत नाही, तोवर त्याचं मत रस्त्यावर जाऊन चहा पीत असतं! मग पाहिलं कुणी? आणि कधी?

डोळे दिले देवें । पाहावया जग ।
मत सांगू मग । आधी पाहा ॥

अभंग माझाच आहे. एखाद्या संताच्या नावावर खपवला असता, तर तुम्ही माना डोलावल्या असत्या. असो!

तर फलटणला त्र्यंबकराव निरगुडकर नावाचे निवृत्त भूमितीचे मास्तर होते. गावात एक चित्रपट मंडळ. दर रविवारी सकाळी दहाला परदेशी सिनेमा, आणि सिनेमा संपला की मास्तरांचा अभिप्राय. शंभरपैकी गुण! आजवरचा उच्चांक — एक्केचाळीस. दिवे लागले की लोक एकमेकांकडं बघत, ‘काय हो, आवडला का आपल्याला?’ ‘थांबा. मास्तर सांगतील.’

हिंदी सिनेमाला तर ते नापाससुद्धा करत नसत. ‘सहा गाणी, सात मारामाऱ्या आणि आठ योगायोग. परीक्षेला बसवू नये!’

आता मास्तरांची एक गंमत सांगतो, हसू नका. परदेशी सिनेमाच्या तळाशी इंग्रजी अक्षरं येतात की नाही? मास्तर ती वाचत. सगळी! एकही ओळ सुटू देत नसत. अंधारात वहीत उतरवूनही घेत. नजर पडद्याच्या खालच्या हातभर पट्टीवर, नाहीतर वहीत. तेवीस वर्षांत त्यांनी अकराशेवर परदेशी सिनेमे — पाहिले म्हणता? छे हो! वाचले!

आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं. विद्वानाचं असंच असतं. जे दिसलं नाही, ते नव्हतंच!

शेजारच्या खुर्चीवर सरोजिनीबाई. मास्तरांची बायको. लग्न झाल्यापासून एकही सिनेमा मास्तरांनी बाईंशिवाय पाहिला नव्हता. बाईंचा जीव खरा हिंदीत. पण मास्तरांसाठी परदेशीही बघत, आणि मुकाट्यानं सगळं समजून घेत. मग काचबिंदू झाला. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता उजेड कळेल, अंधार कळेल, बाकी काही नाही. बाई काय म्हणाल्या?

‘हिंदी सिनेमात असते ना, तर एव्हाना देवळात घंटा वाजून डोळे आले असते!’

मंडळी, आमच्या आख्यानात घंटा वाजणार नाही. आधीच सांगतो.

तरी बाई येत राहिल्या. मास्तरांच्या दंडाला धरून. एका रविवारी घरी जाताना विचारलं, ‘काय होतं हो सिनेमात?’

‘मध्यांतरानंतर पकड सुटली.’

‘कुणाची?’

‘दिग्दर्शकाची.’

‘त्याचं असू द्या. ती बाई शेवटी घरी गेली का?’

मास्तरांनी वही चाळली! ती बाई शेवटी बोललीच नव्हती. बोलली नाही म्हणजे अक्षरं आली नाहीत. अक्षरं आली नाहीत, म्हणजे बाई घरी गेली की विहिरीत, मास्तरांना काय माहीत?

सरोजिनीबाई थांबल्या. म्हणाल्या, ‘पुढच्या रविवारी येते. पण तुम्ही माझ्या कानात सांगायचं. काय दिसतंय ते. मत नको. नाही जमलं, तर माझं येणं ह्यापुढं बंद. घरी रेडिओ आहे. तो बिचारा काय झालं ते तरी सांगतो.’

रागानं म्हणाल्या नाहीत! रागानं म्हटलं असतं, तर मास्तरांनी समजूत काढली असती. शांतपणे म्हणाल्या. आठवडाभर मास्तरांना घास गेला नाही. ती रिकामी खुर्ची आत्तापासूनच त्यांच्या शेजारी येऊन बसली होती.

रविवार उजाडला. कुठल्याशा थंड देशाचा सिनेमा. प्रोजेक्टरवाल्या इस्माईलभाईंनी मशीन सुरू केलं. चित्र आलं, आवाज आला — आणि तळाला अक्षरंच नाहीत!

ओरडा झाला. मंडळाचे चिटणीस दोशीशेठ उठून उभे. ‘अहो, डब्यात हीच प्रत आली! आता मी काय त्यांची भाषा शिकून येऊ?’ अर्धी मंडळी गेली चहाला. मास्तर मात्र त्या रिकाम्या पट्टीकडं बघतायत. आत्ता येतील, मग येतील!

‘काय दिसतंय?’ बाईंनी विचारलं.

‘बूट.’

‘कुणाचे?’

‘…बरेच आहेत.’

‘अहो, बुटांच्या वर माणसं असतील की!’

मंडळी! त्र्यंबकरावांनी मान वर केली. तेवीस वर्षांत पहिल्यांदा!

केवढा तो पडदा! एवढा मोठा होता हा? रोज इथंच होता? पांढराशुभ्र बर्फ, वर आभाळ, आणि मधोमध —

‘सरू… घर चाललंय.’

‘कुठं?’

‘तळ्यावरून. पाणी गोठलंय. अख्खं लाकडाचं घर गं! खाली ओंडके. पुढं बैल, बारा… नाही, चौदा. माणसं दोर ओढतायत. सगळ्यांच्या तोंडातून वाफा.’

‘आत कुणी आहे?’

‘म्हातारी. चुलीपुढं बसून पीठ मळतेय. धुराड्यातून धूर निघतोय. चालत्या घराच्या!’

‘बाहेर का येत नाही ती?’

मास्तरांनी तोंड उघडलं. एरवी पाच कारणं दिली असती, प्रतीकासकट! म्हणाले, ‘माहीत नाही.’

‘बरं. नसू दे. पुढं सांगा.’

‘शूऽऽ!’ पुढून कुणीतरी म्हणालं. तर मागून आवाज, ‘शू काय? मास्तर, मोठ्यानं सांगा! आमच्या नजरेतून बैल सुटले होते!’

‘आता एक रेघ उमटलीय,’ मास्तर पुढं वाकले. ‘बर्फात. बैलाच्या खुरापासून निघाली… वाढतेय. घराखाली गेली. माणसांनी दोर सोडले. पळतायत. एक बैल गुडघ्यावर बसला. म्हातारी दारात आली. बघतेय…’

आणि मास्तर थांबले.

‘अहो? बुडालं का?’

चहाला गेलेले दारात परतले होते, ते तिथंच उभे. दोशीशेठ उभे. मशीनचा टरटराट तेवढा चालू.

‘नाही,’ मास्तर म्हणाले. ‘ती उतरली. बर्फावर. रेघेच्या अलीकडं. पुढच्या बैलाची दोरी एका हातात घेतली, दुसरा हात घराच्या भिंतीवर. गाय चालवावी तशी चालवतेय घर. एकटी. हळू. बैल उठला, सरू. उठला! ती चाललीय. एक पाऊल… आता दुसरं…’

बाईंची बोटं त्यांच्या मनगटावर होती. पाऊल पडलं की बोटं आवळत.

घर काठाला लागलं तेव्हा थिएटरात कुणी टाळी वाजवली नाही. देवळात गाभाऱ्याचं दार उघडल्यावर वाजवतो का आपण?

दिवे लागले. दोशीशेठ सवयीनं म्हणाले, ‘मास्तर, अभिप्राय. गुण?’

त्र्यंबकराव उभे राहिले. वहीत एक अक्षर नाही. म्हणाले, ‘दोशीशेठ, मी… आत्ताच बघायला लागलोय. मला बसू द्या.’ आणि बसले!

सरोजिनीबाईंनी त्यांच्याकडं तोंड वळवलं.

‘अहो, पुढच्या रविवारी कुठला आहे?’

मंडळी, डोळे बाईंचे गेले होते. आले मास्तरांचे!

आणि आपलं काय? तुम्ही ह्या लक्ष्मीनारायणाच्या देवळात किती वर्षं येताय? काका, तुम्ही? चाळीस? वा! मग सांगा, आपल्या नारायणाच्या वरच्या डाव्या हातात शंख आहे की चक्र? — अंहं! वळायचं नाही! माझ्याकडं बघून सांगा. मूर्ती सुंदर आहे, जागृत आहे, हे सगळं मला ठाऊक आहे. ते मत झालं. हातात काय आहे?

बघा, कशा माना खाली गेल्या! लाजू नका. मीही कीर्तनाला उभं राहण्यापूर्वी चोरून बघून घेतलं.

आता वळा. सगळे वळा. काही बोलू नका, हात जोडायचीही घाई नको. तो कधीचा उभा आहे. नुसतं बघा.