डिप्लोमा की भाऊजींचं लग्न

रविवारी सकाळी बरोबर साडेनऊला देवरीची इंजिनिअर ताई वडिलांसोबत त्यांच्या गाडीवरून आमच्या दारात उतरली. मीच बोलावलं होतं तिला. आमच्या यशला इंजिनिअर व्हायचं आहे. दहावीनंतर अकरावी सायन्स घ्यावी की डिप्लोमा, हे सातवी शिकलेल्या मले काय समजते? दुसऱ्या दिवशी फॉर्मची शेवटची तारीख. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

मी चहा घेऊन बाहेर आले, तर सासूबाई तिच्यासमोर ठाण मांडून बसलेल्या. बापासोबत पोरगी आली म्हणजे पोरीवाले घर पाहायलाच आले, असं त्यांनी धरलं. माझ्या दिरालाही नवा शर्ट घालून बसवलं होतं.

"सैपाक येते का बाई?"

"येते ना," ताई गोंधळून म्हणाली.

"मग आमच्या पोराचं काय ठरवलं?"

ताईने यशची मार्कशीट पाहिली. "पोरगा हुशार आहे. तीन वर्षं डिप्लोमा करू द्या."

सासूबाई भडकल्याच. "अजून तीन वर्षं कायले? चौतिसावं लागलं त्याले!"

यशचा डिप्लोमा पक्का झाला. पण सासूबाईंचा आवाज ऐकून अख्खी गल्ली भाऊजींचं अभिनंदन करून राहिली. म्हणून बायांनो, भेटेल त्याला सांगा, लग्न जमलं नाही, भाऊजींसाठी पोरगी पाहणं सुरूच आहे.