चीफसाहेबांनी लावलेले माड

माननीय अध्यक्ष पद्माकरराव, व्यासपीठावरचे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती रघुवीर वैद्य, प्रेमावहिनी, आणि रविवारची झोप मोडून सिंगापुरातल्या ईस्ट कोस्टच्या या कॉन्डोत जमलेल्या बंधुभगिनींनो,

रघुवीर वैद्यांना आम्ही जहाजावरची माणसं चीफसाहेब म्हणतो. ते चीफ इंजिनिअर होते तेव्हा मी, सुबोध, त्यांच्या हाताखाली सेकंड होतो. परवा ते कायमचे गुहागरला निघालेत. निरोपाला माणसाचं कौतुक करायचं असतं, आणि मी करणारच आहे. पण आधी मला एका बेटाबद्दल बोलू द्या. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, ते मला दिसलं. लांबण लावत नाही.

शहाऐंशी साली हिंदी महासागरात आमचं इंजिन बसलं. सुटा भाग सिंगापूरहून यायचा होता, तोवर एका निर्मनुष्य बेटाच्या आडोशाला नांगर टाकून राहिलो. बेट कसलं? समुद्रातला एक जुना डोंगर कधीकाळी बुडाला, आणि त्याच्या काठाने वाढलेलं पोवळ्यांचं कडं तेवढं उरलं. मधे उथळ हिरवं पाणी, एका अंगाला वाळूची पट्टी, तिच्यावर बुटकी झुडपं आणि झुडपांवर लाल पायांचे हजारो पक्षी. प्यायला पाण्याचा थेंब नाही.

भरतीच्या वेळी आम्ही होडीने आत गेलो. सगळे पोहत होते, आणि चीफसाहेब कमरेवर हात ठेवून त्या वाळूकडे बघत होते. मला म्हणाले, "अरे, एवढी वाळू आणि एक माड नाही? हे बरं दिसतं का?"

आता गुहागरच्या माणसाला कोण अडवणार? आईने दिलेल्या नारळांना त्यांच्या केबिनमध्ये कोंब फुटले होते. चटणीच्या कामाचे राहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते घेऊन आले आणि स्वतःच्या हाताने लावले. म्हणाले, "उद्या कुणी बुडता इथे लागला, तर त्याला शहाळं तरी मिळेल." सांगा, यात वाईट काय होतं?

गेल्या वर्षी त्यांच्या लेकीच्या, तन्वीच्या, प्राध्यापकबाई पक्ष्यांच्या पाहणीसाठी नेमक्या त्याच बेटावर जाऊन आल्या. त्यांनी काढलेल्या फोटोत माड होते! चीफसाहेब तो फोटो घेऊन सेम्बावांगपासून इथपर्यंत घरोघर फिरले. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी त्या माडांचे पेढे खाल्लेत.

मग बाईंनी त्यांना घरी बोलावून नीट समजावलं. त्या बेटावर पूर्वी कुणी खोबऱ्यासाठी मजूर नेऊन बाग केली होती. विहिरी खारट झाल्या, माणसं निघून गेली. पुढे वादळाने माड पाडले, हळूहळू झुडपं परतली, त्यांच्यामागून पक्षी परतले. आता पुन्हा माड पसरतायत. खाली पडलेला प्रत्येक नारळ रुजतोय, सावलीत झुडपं मरतायत, आणि त्या बाजूला पक्षी घरटी करत नाहीत.

चीफसाहेबांनी एकच विचारलं, "मी जाऊन तोडून येऊ?"

कसे जाणार? उतरायला परवानगी लागते, आणि पक्ष्यांना त्रास नको म्हणून ती पाहणीखेरीज कुणालाच देत नाहीत. पुढची पाहणी कधी, ते बाईंनाही ठाऊक नाही. तन्वी म्हणाली, "कॅनॉट ला, बाबा, नाही जमायचं." मी त्या बाजूने गेलो तेव्हा आमच्या कॅप्टनना गळ घातली. ते म्हणाले, "सुबोध, हे मालवाहू जहाज आहे, रिक्षा नाही." खरंच आहे. आम्ही इंजिनवाले जहाज चालवतो, ते कुठे न्यायचं हे आमच्या हातात नसतं. दुरून एक हिरवी रेघ दिसली. फोटोतल्यापेक्षा लांब वाटली. हे मी चीफसाहेबांना आजवर सांगितलं नव्हतं.

हल्ली ते सकाळी ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर फिरतात. पाण्याच्या कडेला पडलेला नारळ दिसला की उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकतात. तरंगत तिकडे जाईल म्हणून! मी हसलो होतो. नंतर मीही उचलायला लागलो. मित्रहो, ज्याने आयुष्यभर बंद पडलेली इंजिनं चालू केली, त्याला एक चालू झालेली गोष्ट बंद करता येत नाही. याचं मला फार वाईट वाटतं, आणि त्यांचं कौतुक म्हणाल तर तेही हेच आहे.

प्रेमावहिनींचा काल फोन आला होता. "भाऊजी, शाल द्या, पण तेवढा नारळ नका देऊ हो." नीताताईंनी तबक आधीच सजवलं होतं. अध्यक्ष म्हणाले, श्रीफळाशिवाय सत्कार कसला? दोघांचंही बरोबर होतं. म्हणून मघाशी पॅन्ट्रीत जाऊन मी तो फोडला. सत्काराला फुटका नारळ देत नाहीत, मला माहीत आहे. नीताताई अजून माझ्याशी बोलत नाहीयेत.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला, आणि रीत मोडली त्याचीही माफी असावी.

चीफसाहेब, पुढे या, शाल घ्या. आणि ही खोबऱ्याची वाटी. हा नारळ रुजणार नाही. आम्हाला एवढंच जमलं.